बिघाड शोधणारा एडिसन

एडिसन म्हटले की विजेचा दिवा, आणि दिवा म्हटला की अपयशाला न डगमगणारा शास्त्रज्ञ, हे तुम्हाला प्राथमिक वर्गापासून पाठ आहे. वक्तृत्व स्पर्धेत दरवर्षी निदान दोन-तीन एडिसन तरी आम्ही ऐकतो. म्हणून या अंकात त्याच एडिसनचे चरित्र थोड्या वेगळ्या बाजूने सांगायचे आम्ही ठरवले. निमित्त झाले आपल्या संगणक कक्षातल्या यूपीएसचे. जूनमध्ये शाळा उघडली, पहिल्याच आठवड्यात वीज गेली आणि चार यूपीएसनी एक लांब शिट्टी मारून मान टाकली. भंगारात द्यायचे की दुरुस्त करायचे, ही चर्चा शिक्षकांच्या खोलीपासून विश्वस्त मंडळापर्यंत पोहोचली. बंद पडलेले यंत्र समोर आले की आधी त्याचा बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायचे, ही सवय एडिसनने लहानपणीच लावून घेतली होती आणि त्याची पहिली मोठी नोकरी त्याला त्याच सवयीने मिळवून दिली.

थॉमस आल्वा एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील मिलान या गावी झाला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. १८५४ साली कुटुंब मिशिगनमधल्या पोर्ट ह्युरॉन येथे राहायला गेले. शाळेत तो मोजके महिनेच टिकला. मास्तरांना तो मंद वाटला आणि आईला मास्तरांचे म्हणणे पटले नाही. आई नॅन्सी स्वतः पूर्वी शिक्षिका होती. तिने मुलाला घरीच शिकवले, विज्ञानाचे एक जाड पुस्तक हाती दिले आणि त्यातले प्रयोग तो घराच्या तळघरात करू लागला. (पालकांनी लक्षात घ्यावे की आईने त्याला शाळेतून काढले, पण अभ्यासातून नाही.)

बाराव्या वर्षी तो रेल्वेत वर्तमानपत्रे आणि खाऊ विकू लागला. गाडी सकाळी पोर्ट ह्युरॉनहून डेट्रॉइटला जायची आणि रात्री परतायची. सामानाच्या डब्याच्या एका कोपऱ्यात त्याने आपल्या बाटल्या मांडल्या, तिथेच छोटे छपाईयंत्र बसवून स्वतःचे साप्ताहिकही काढले. एकदा फॉस्फरस खाली पडून डब्याला आग लागली आणि बाटल्यांसह त्याची उचलबांगडी झाली. याच काळात त्याला ऐकू कमी येऊ लागले, ते पुढे जन्मभर. १८६२ साली माउंट क्लेमेन्स स्टेशनात स्टेशनमास्तरांच्या लहान मुलाला त्याने रुळांवरून वेळीच उचलले. त्या उपकाराची फेड म्हणून मास्तरांनी त्याला तारयंत्र शिकवले. त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची सुरुवात इथे झाली.

तारखाते म्हणजे नुसते कड-कट्ट वाजवणे नव्हे. त्या काळी विजेची कंपनी नव्हती, घरोघर तारा नव्हत्या. तारयंत्राला लागणारी वीज काचेच्या भांड्यांत आम्ले आणि धातूंच्या पट्ट्या घालून तयार केलेल्या बॅटऱ्यांतून यायची. प्रत्येक मोठ्या तारघरात बॅटरीची वेगळी खोली असे. तार बंद पडली की दोष बॅटरीत आहे, जोडात आहे, यंत्रात आहे की वीस मैलांवरच्या खांबावर आहे, हे तारमास्तरालाच शोधावे लागे. १८६३ पासून पाच-सहा वर्षे एडिसन गावोगाव हे काम करत फिरला. बॅटरीचे वेड इतके, की लुईव्हिल येथे रात्रपाळीत प्रयोगासाठी आम्ल काढताना ते सांडले, फळ्यांतून झिरपून खालच्या मजल्यावरच्या साहेबाच्या खोलीत उतरले आणि सकाळी नोकरी गेली.

बॉस्टनला असताना त्याने मतमोजणीचे विजेचे यंत्र केले. १ जून १८६९ रोजी त्याला त्याचे पेटंट मिळाले. ते त्याचे पहिले पेटंट. यंत्र चांगले होते, पण घ्यायला कोणी तयार नव्हते, कारण मते झटपट मोजली जावीत अशी सभागृहातल्या पुढाऱ्यांची इच्छाच नव्हती. कर्ज झाले, आणि त्याच वर्षी बावीस वर्षांचा एडिसन जवळजवळ रिकाम्या खिशाने न्यूयॉर्कला उतरला.

तिथे सोन्याचा भाव तारेने कळवणारी एक कंपनी होती. मुख्य कचेरीत एक मोठे यंत्र, आणि त्यावरून शहरातल्या सुमारे तीनशे दलालांच्या पेढ्यांत भाव उमटायचा. कंपनीतले अभियंता फ्रँकलिन पोप यांनी एडिसनला बॅटरीच्या खोलीत झोपायची परवानगी दिली. दिवसभर नोकरी शोधायची आणि उरलेल्या वेळात ते यंत्र बघत बसायचे, असा त्याचा क्रम होता. कोणते चाक कोणाला फिरवते, कोणती पट्टी कुठे टेकते, हे त्याने कोणी न सांगता समजून घेतले.

तिसऱ्या दिवशी यंत्र मोठा आवाज करून थांबले. भाव बंद. काही मिनिटांत प्रत्येक पेढीतून एकेक पोरगा धावत आला आणि कचेरीच्या दारात तीनशे पोरांचा गलका झाला. देखरेख करणाऱ्या माणसाला घाबरून काही सुचेना. मालक डॉ. लॉज धावत आले, तेही चिडलेले. एडिसन गर्दीतून यंत्रापाशी गेला आणि नीट पाहिले. असंख्य स्प्रिंगांपैकी एक तुटून दोन दातेरी चाकांच्या मध्ये पडली होती. सहज दिसेल अशी ती नव्हती. त्याने ती काढली, चाके शून्यावर आणली, पेढ्यापेढ्यांतली यंत्रे जुळवून घेतली आणि सुमारे दोन तासांत भाव सुरू झाला. दुसऱ्या दिवशी त्याला दरमहा तीनशे डॉलरवर नेमले. आदल्या रात्रीपर्यंत बॅटऱ्यांच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाला हा आकडा खरा वाटला नसेल!

ही गोष्ट सहसा नशिबाची म्हणून सांगतात. आम्हाला ती तशी वाटत नाही. यंत्र बंद पडण्याआधी तीन दिवस तो ते चालू असताना पाहत होता. चांगले चालणारे यंत्र कसे दिसते, कसे वाजते, हे माहीत असल्याशिवाय बिघडलेल्या यंत्रात काय चुकले आहे ते कळत नाही. आपल्यापैकी किती जणांनी घरचा यूपीएस चालू असताना कधी त्याच्या मागे वाकून पाहिले आहे?

पुढची दहा वर्षे तुम्हाला माहीत आहेत, म्हणून झटपट सांगतो. नेवार्क येथे शेअरभावाच्या यंत्रांचा कारखाना, १८७६ साली मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ साली फोनोग्राफ, १८७९ साली कोळशाच्या तंतूचा दिवा. दिवा त्याने एकट्याने केला असे समजू नका. चार्ल्स बॅचलर, जॉन क्रुसी, गणिताचे फ्रान्सिस अप्टन आणि कितीतरी कारागीर रात्रंदिवस सोबत होते. एक गंमत मात्र सांगायलाच हवी. यंत्रात लपून बसलेल्या दोषाला एडिसन १८७८ सालच्या आपल्या पत्रातही बग, म्हणजे किडा, म्हणतो. संगणकाच्या तासाला तुम्ही हा शब्द वापरता तेव्हा तो संगणकाहून किती जुना आहे याची आठवण ठेवा.

दिवा पेटला, पण त्याला वीज कुठून द्यायची? इथे एडिसन इतरांहून पुढे गेला. जनित्र, जमिनीखालच्या तारा, जोडपेट्या, स्विच, वीज मोजायचे मीटर, सगळे त्याला आणि त्याच्या माणसांना मुळापासून करावे लागले. प्रवाह प्रमाणाबाहेर गेला तर आधी स्वतः वितळून बाकीचे वाचवणारा तारेचा तुकडा, म्हणजे आपला फ्यूज, त्याचेही पेटंट त्याने १८८० साली घेतले. तुमच्या यूपीएसच्या मागे जो छोटा फ्यूज असतो, तो याच कुळातला.

४ सप्टेंबर १८८२ रोजी दुपारी तीन वाजता न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचे वीजकेंद्र सुरू झाले. दाब ११० व्होल्ट, प्रवाह एकाच दिशेने वाहणारा, म्हणजे डीसी. क्षेत्र फार मोठे नव्हते. आपल्याकडे मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंतच्या जुन्या वस्तीत दिवे लावावेत, साधारण तेवढेच समजा.

हे केंद्र सुरू होण्याच्या दोन महिने आधी तिथे जे घडले ते पुस्तकांत फारसे येत नाही. एक वाफेचे इंजिन आणि एक जनित्र, असे जोड तिथे होते. एक जोड एकटा छान चालला. दुसरा त्याला विजेने जोडताच एक इंजिन मंदावू लागले आणि दुसरे पिसाटासारखे पळू लागले, मग उलट. इमारत हादरली, माणसे बाहेर पळाली. एडिसनने एका इंजिनाची वाफ बंद केली आणि एका सहकाऱ्याने दुसऱ्याची. मग शांतपणे बसून त्याने कारण शोधले. एक जनित्र वीज देत होते आणि दुसरे तीच वीज खाऊन मोटार बनून आपल्याच इंजिनाला पळवत होते. दोन्ही इंजिनांचे वेगनियंत्रक एकमेकांच्या विरुद्ध खेचत होते. त्याने ते दोन्ही एका दांड्याने जोडले. दांडा पिळवटू लागला, म्हणून पोकळ नळीत उलटा पीळ दिलेला दुसरा दांडा बसवला. तेवढ्यावर काम भागले. पुढे इंजिनेच बदलली.

केंद्र चालू झाल्यावरही किडे निघतच राहिले. एका पावसाळी दिवशी रस्त्याच्या एका कोपऱ्यावरून जाणारे घोडे अचानक थयथयाट करू लागले आणि पोलीस तक्रार घेऊन आला. जमिनीखालच्या जोडपेटीतून ओल्या रस्त्यात वीज झिरपत होती. माणसे पाठवून पेटी शोधली, दुरुस्त केली. अशा एकेक दुरुस्तीचा हिशेब काय झाला पाहा. १८८२ च्या सप्टेंबरपासून २ जानेवारी १८९० रोजी केंद्राला आग लागेपर्यंत पर्ल स्ट्रीटचा पुरवठा फक्त एकदा, तोही थोडा वेळ, खंडित झाला. सव्वासात वर्षांत एकदा! भारनियमनाच्या दिवसांत मेणबत्तीवर अभ्यास केलेल्या पालकांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

अखंड पुरवठ्यासाठी अशा डीसी केंद्रांना पुढे एक मोठी सोय मिळाली. डीसी वीज बॅटरीत साठवता येते. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो येथल्या वीज कंपन्यांनी खोल्याच्या खोल्या शिशाच्या बॅटऱ्यांनी भरल्या. जनित्र बंद पडले तरी काही वेळ शहर चालायचे. आपल्या यूपीएसचा हा पणजोबाच. आलटून पालटून दिशा बदलणारी वीज, म्हणजे एसी, तशी साठवता येत नाही. पण ती ट्रान्सफॉर्मरने दाब वाढवून दूरवर नेता येते, आणि डीसी मैलभर गेली की दमते. त्या मुद्द्यावर एडिसन हरला. हरताना तो नीट वागला नाही, हेही लिहिले पाहिजे. एसी धोकादायक आहे हे लोकांच्या मनावर ठसवण्यासाठी त्याच्या प्रयोगशाळेत जनावरांना विजेने मारण्याचे प्रयोग झाले. १८९२ साली त्याची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि नव्या कंपनीच्या नावातून एडिसन हा शब्दच गेला.

एसीचा पुरस्कर्ता निकोला टेस्ला १८८४ साली न्यूयॉर्कला आला तो एडिसनकडेच नोकरीला. ओरेगॉन या जहाजावरची दोन्ही जनित्रे बिघडून जहाज बंदरात अडकले होते. टेस्ला संध्याकाळी अवजारे घेऊन गेला, रात्रभर खलाशांच्या मदतीने काम केले आणि पहाटेपर्यंत दोन्ही चालू केली, असे त्याने आत्मचरित्रात सांगितले आहे. म्हणजे दोघांची पहिली ओळख दुरुस्तीच्या कामातून झाली. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. पण यूपीएसच्या पेटीत डोकावून पाहा. भिंतीतून एसी येते, तिची डीसी करून बॅटरी भरली जाते आणि वीज गेली की बॅटरीतल्या डीसीची पुन्हा एसी करून संगणकाला दिली जाते. त्या काळी भांडलेले दोघे इथे एका डब्यात मुकाट बसले आहेत.

१८९० चे दशक एडिसनला वाईट गेले. लोखंडाचे खनिज चुंबकाने वेगळे करण्याच्या उद्योगात त्याने वर्षानुवर्षे घालवली आणि जवळचे बहुतेक सगळे पैसे बुडवले. पन्नाशी उलटली होती. अशा वेळी, १८९९ च्या सुमारास, त्याने बॅटरी हातात घेतली. मोटारगाड्या नुकत्या येत होत्या आणि त्यांतल्या पुष्कळशा विजेवर चालत. त्यांत असायची ती शिशाची बॅटरी, फ्रान्सच्या गास्तों प्लान्ते याने १८५९ साली शोधलेली. ती जड, आम्लाने भरलेली आणि नाजूक स्वभावाची. एडिसनला ती कधीच आवडली नव्हती, १८८० च्या दशकात तर त्याने तिच्यावर जाहीर टीका केली होती. आम्लाऐवजी अल्कली, शिशाऐवजी लोखंड आणि निकेल, असा त्याचा बेत होता. स्वीडनमध्ये वाल्डेमार युंगनर हाही तेव्हा त्याच दिशेने जात होता.

हजारो प्रयोग झाले. तयार बॅटऱ्या खडबडीत रस्त्यांवर गाड्यांतून हिंडवल्या, यंत्रावर आपटून पाहिल्या. १९०३ च्या सुमारास त्या बाजारात आल्या, गाजावाजा झाला, मागणी वाढली. आणि १९०४ मध्ये तक्रारी येऊ लागल्या. काही डबे सांध्यातून गळत होते. त्याहून वाईट म्हणजे काही बॅटऱ्यांची साठवण हळूहळू कमी होत होती, आणि का, ते कोणालाच सांगता येत नव्हते.

आमच्या मते एडिसनच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट इथे आहे, दिव्यात नाही. मागणी अजून चालू होती. पुष्कळ गिऱ्हाइके समाधानी होती. गळणारे डबे बदलून देत धंदा रेटता आला असता. त्याने कारखाना थांबवला, सदोष बॅटऱ्या परत घेतल्या, त्याचा भुर्दंड सोसला आणि पुन्हा प्रयोगाच्या टेबलाशी बसला. खनिजाच्या धंद्यात हात पोळलेल्या माणसाने हे केले.

शोध पाच वर्षे चालला. निकेलच्या संयुगातून वीज नीट वाहावी म्हणून त्यात ग्रॅफाइट मिसळलेले होते. भरताना-उतरताना ते संयुग फुगायचे, ग्रॅफाइट टिकत नसे आणि कणाकणांतला संपर्क सुटत जायचा. पट्टी दिसायला तशीच, पण आतून निम्मी निकामी. तोडगा विलक्षण होता. तांबे आणि निकेल यांचे एकावर एक अतिशय पातळ थर चढवायचे, मग त्याचे तुकडे करून तांबे विरघळवून टाकायचे. उरतात निकेलच्या पापुद्र्यासारख्या चकत्या, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या पातळ. पोलादाच्या बारीक छिद्रांच्या नळ्यांत संयुगाचा एक थर, चकत्यांचा एक थर, असे शेकडो थर ठासून भरायचे. नळीला बाहेरून पोलादी कडी, म्हणजे फुगायला जागा नाही. अल्कलीत थोडे लिथियमचे संयुग घातले, त्याने साठवण आणि आयुष्य वाढले. डब्याचे सांधे वेल्ड केले. १९०९ साली नवी बॅटरी आली आणि ती खरोखर चिवट निघाली. जास्त भरा, पूर्ण रिकामी करा, महिनोन्‌महिने तशीच ठेवा, ती तक्रार करत नसे. मालगाड्या, रेल्वेचे सिग्नल, खाणकामगारांचे दिवे यांत ती वर्षानुवर्षे चालली. अमेरिकेत १९७० च्या दशकापर्यंत तिचे उत्पादन होत होते.

पण ज्या मोटारींसाठी ती केली त्यांनी तिला घेतले नाही. पेट्रोलच्या गाड्या स्वस्त झाल्या, १९१२ साली विजेचा स्टार्टर आला, आणि इंजिन फिरवायला एकदम मोठा प्रवाह देण्याचे काम शिशाची बॅटरीच चांगले करते. थंडीत तर एडिसनची बॅटरी फारच ढेपाळायची. म्हणून आजही आपल्या मोटारीत, स्कूटरमध्ये आणि बहुतेक साध्या यूपीएसमध्ये ती जुनी शिशाचीच बॅटरी बसलेली असते, तिच्या नाजूक स्वभावासकट.

हा स्वभाव कळला की आपल्या चार यूपीएसचे कोडे सुटते. शिशाची बॅटरी रिकामी होऊन तशीच पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर बसलेले लेड सल्फेट घट्ट, कडक होत जाते आणि मग ते चार्जिंगला दाद देत नाही. मेच्या सुटीत आपण संगणक कक्षाचा मुख्य स्विच बंद करून कुलूप लावतो. सव्वा महिना बॅटऱ्या थोड्या थोड्या उतरत राहतात. त्यात बडोद्याचा उन्हाळा. तापमान आठ-दहा अंशांनी वाढले की या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते.

शिक्षकांनी आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने मिळून आधी बाहेरून पाहिले : प्लग सैल आहे का, मागचा फ्यूज उडाला आहे का. मग बॅटऱ्या काढून मल्टिमीटर लावला. बारा व्होल्टची भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साडेबाराच्या थोडे वर दाखवते. तिघी रात्रभर भरूनही, लहानसा बल्ब जोडताच दहाच्या खाली कोसळल्या. त्या गेल्या. चौथी ठणठणीत होती. तिच्या पेटीतला फ्यूजच जळला होता, काही रुपयांचे काम. नव्या बॅटऱ्या घातल्यावर चार्जिंगचा दाबही पाहिला, तो साडेतेरा ते पावणेचौदा व्होल्टच्या दरम्यान हवा. फार वाढला तर बॅटरी फुगते, कमी पडला तर पुन्हा सल्फेट, आणि नवी बॅटरीही वर्षात गारद. जुन्या बॅटऱ्या दुकानदाराने परत घेतल्या. त्यांतले शिसे विषारी असते, ते कचऱ्यात टाकायचे नसते. चारही पेट्या शाबूत राहिल्या. आता सुटीपूर्वी बॅटऱ्या पूर्ण भरून त्यांच्या तारा सोडवून ठेवायच्या आणि मध्ये एकदा येऊन भरायच्या, असे ठरले आहे.

विद्यार्थ्यांना मात्र एक ताकीद. प्लग काढला तरी यूपीएस मेलेला नसतो. बॅटरी जोडलेली असेल तर मागच्या सॉकेटवर २३० व्होल्ट असू शकतात, आणि आतले कपॅसिटर बंद केल्यावरही काही काळ भरलेले राहतात. पाहा, विचारा, वहीत लिहा, पण पेटी मोठ्या माणसांनीच उघडायची.

बॅटरी काय करू शकते हे एडिसनलाही महागात कळले. चार्ज होताना आणि काही वेळा उतरतानाही बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. १५ जानेवारी १९१६ रोजी ब्रुकलिनच्या नौदल गोदीत ई-२ या पाणबुडीवर, जिच्यात एडिसनच्या नव्या बॅटऱ्या बसवल्या होत्या, साठलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला आणि माणसे दगावली. दोष बॅटरीचा की वायू बाहेर काढण्याच्या व्यवस्थेचा, यावर बराच वाद झाला. पण पाणबुड्यांचे दार त्याच्या बॅटरीला बंद झाले. आपल्या बॅटऱ्या बंद कपाटात ठेवू नयेत, खिडकी उघडी असावी, यामागचे कारणही तेच.

त्याआधी ९ डिसेंबर १९१४ रोजी वेस्ट ऑरेंज येथला त्याचा कारखाना आगीत बेचिराख झाला होता. एडिसन सदुसष्ट वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी ढिगारे उपसायला सुरुवात झाली आणि काही आठवड्यांत काम पुन्हा उभे राहिले. त्याच्या नावावर अमेरिकेत एकूण १०९३ पेटंटे झाली. त्यांतली बॅटरीची शंभराहून अधिक.

१८ ऑक्टोबर १९३१ रोजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, वेस्ट ऑरेंज येथे त्याचे निधन झाले. २१ ऑक्टोबरला अंत्यसंस्कार झाले. देशभरची वीज एक मिनिट बंद करून त्याला मानवंदना द्यावी, अशी सूचना पुढे आली होती. राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी ती मान्य केली नाही. रुग्णालये, पाणीपुरवठा, कारखाने सगळे तोवर विजेवर आले होते आणि मिनिटभराच्या खंडानेही कोणाचा तरी जीव गेला असता. त्याऐवजी लोकांनी रात्री दहा वाजता आपापल्या घरचे दिवे मिनिटभर मालवावेत, असे आवाहन झाले. लाखो घरांनी दिवे मालवले. वीजकेंद्रांतली जनित्रे मात्र फिरतच राहिली.